जुनी बेस गिटार, मुंबईची हवा: खरेदीपासून स्टेजपर्यंत

मुंबईत हौसेनं बेस वाजवणाऱ्याच्या हातातली गिटार बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाकडून आलेली असते. कॉलेज सुटतं, नोकरी लागते, बँड मोडतो. गिटार माळ्यावर जाते आणि चार-पाच पावसाळे तिथे काढून विकायला निघते. अशी गिटार वाईट असतेच असं नाही. पण ती तशीच उचलून वाजवायला घेतली तर तारा झणझणतात, वरच्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (मानेवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, सूर लागत नाही, बोटं दुखतात, आणि शिकणारा बिचारा दोष स्वतःच्या बोटांना देतो. नेकचा बाक, तारांची उंची, वायरिंग आणि हवेतला दमटपणा, एवढं हाताशी आलं तर साधी गिटारही कार्यक्रमाला नेण्याजोगी होते. ही कामं घरी करता येतात.

घ्यायच्या आधी

बघायला जाताना खिशात मल्टिमीटर, फोनवर ट्यूनर आणि स्वतःची एक केबल असू द्या. विकणाऱ्याकडे अँप (ॲम्प्लिफायर) आहे का ते आधी विचारा. दिवसाउजेडी जा, ट्यूबलाइटमध्ये नेकचा पीळ दिसत नाही.

सगळ्यात आधी नेक. गिटार बंदुकीसारखी डोळ्यापाशी धरा आणि ब्रिजकडून (बॉडीवर तारा अडकतात तिथून) हेडस्टॉककडे (खुंट्यांच्या टोकाकडे) नजर टाका. जाड तारेकडची कड आणि बारीक तारेकडची कड एकाच प्रतलात दिसली पाहिजे. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेकला पीळ पडला आहे. बाक ट्रस रॉडनं (नेकच्या आतल्या धातूच्या कांबेनं) काढता येतो, पीळ काढता येत नाही. पीळ पडलेली गिटार कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या.

मग ट्रस रॉड. त्याचा नट हेडस्टॉकजवळच्या झाकणाखाली असतो, नाहीतर नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे. मालकाची परवानगी घेऊन तो पाव फेरा सैल करा आणि परत होता तिथे आणा. जागचा हलत नसेल किंवा उलट मोकळाच फिरत असेल तर सौदा थांबवा. चार तारांचा मिळून ताण ७०-८० किलोच्या आसपास असतो आणि तो पेलताना नेक किती वाकायचा हे ठरवणारी हीच एक कांब आहे.

नंतर प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाजवा. फ्रेटवर तारेखाली खाचा पडल्या आहेत का ते नखानं चाचपा. सगळ्यात बारीक ‘जी’ (G) तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लगेच मरतो का ते नीट ऐका. स्क्रूनं जोडलेल्या लांब नेकमध्ये हा दोष पुष्कळदा सापडतो. नेकचा स्वतःचा कंप तो सूर खाऊन टाकतो, त्यामुळे सेटअपनं तो जात नाही. थोडा असेल तर चालतो. पण तोच सूर तुमच्या निम्म्या गाण्यांत येणार असेल तर नको.

शेवटी वीज. पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालचा भाग, फिरवताना येणारी खरखर हा दोष नव्हे, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांचं काम आहे. आवाजच येत नसेल तर केबल गिटारमध्ये घालून दुसऱ्या टोकाच्या जॅकवर, टोक आणि दांडा यांच्यात, मल्टिमीटरनं रोध मोजा. व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवा. साध्या पॅसिव्ह गिटारमध्ये एका पिकअपला (तारांखालच्या चुंबकी कॉइलला) साधारण ७ ते १२ किलोओहम दिसायला हवेत. जॅझ पद्धतीच्या, दोन पिकअपच्या गिटारीत दोन्ही व्हॉल्यूम उघडे असतील तर आकडा जवळपास निम्मा येतो, त्यानं घाबरू नका. मीटर काहीच दाखवत नसेल किंवा आकडा शंभर किलोओहमच्या वर जात असेल तर आतली वायर तुटली आहे किंवा पिकअप गेला आहे. ९ व्होल्टची बॅटरी लागणाऱ्या ॲक्टिव्ह गिटारीत मात्र ही मोजणी उपयोगाची नाही, कारण मध्ये प्रीअँप असतो. तिथे नवी बॅटरी घालूनच ऐकायचं, आणि बॅटरीच्या कप्प्यात हिरवा-पांढरा गंज आहे का ते बघायचं.

निवड करता येत असेल तर प्रिसिजन किंवा जॅझ या दोन जुन्या आराखड्यांवर बेतलेली गिटार घ्या. लिओ फेंडरची प्रिसिजन १९५१ साली आली, जॅझ १९६० साली, आणि आजची बहुतेक स्वस्त बेस या दोघींची नक्कल असते. त्यामुळे ब्रिज, पिकअप, पॉट, सॅडल (तार टेकते तो ब्रिजवरचा तुकडा) यांतलं काहीही गेलं तरी बदली भाग मिळतो. विचित्र आकाराच्या, देखण्या गिटारीचा एक ट्यूनर (तार पिळायची किल्ली) तुटला की ती वर्षभर पडून राहते.

सेटअप: क्रम मोडायचा नाही

तारा, नेकचा बाक, तारांची उंची, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागणं), पिकअपची उंची, हाच क्रम. प्रत्येक पायरी पुढचीला हलवते. उंची आधी लावून मग ट्रस रॉड फिरवला तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

हत्यारं फार लागत नाहीत. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा संच) आणि अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी नागदेवी स्ट्रीटवर कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळते. ॲलन की मात्र मिमी आणि इंच अशा दोन्ही मापांच्या घ्या. ट्रस रॉडला बहुधा ४ मिमी, ५ मिमी किंवा ३/१६ इंचाची की लागते. ३/१६ म्हणजे ४.७६ मिमी. ५ ची जात नाही म्हणून ४.५ ची घुसवून जोर दिला की नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग नेक उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. नवशिक्या हातून होणारं हे सगळ्यात महागडं नुकसान आहे.

तारा. ३४ इंची, म्हणजे ८६४ मिमी स्केलच्या चार तारी बेसला ०.०४५ ते ०.१०५ इंचाचा संच सरधोपट चालतो. जुन्या तारा एकदम सगळ्या काढल्या तरी चालतं. तेवढ्या वेळात फ्रेटबोर्ड पुसून घ्या. गडद, लाख न लावलेल्या रोजवूडच्या फ्रेटबोर्डला लेमन ऑइलचा एक हलका हात द्या आणि पाच मिनिटांनी कोरडं पुसा. खोबरेल तेल लावू नका, ते खवट होऊन चिकटतं आणि त्यावर धूळ बसते. मेपलच्या चकचकीत फ्रेटबोर्डला तेल लागतच नाही.

नवी तार ट्यूनरच्या खुंटीच्या पुढे १० ते १२ सेंटिमीटर जास्त ठेवून तोडा. तोडण्याआधी ती काटकोनात वाकवा, मगच कापा. न वाकवता कापली तर वरचं वेटोळं गाभ्यावरून सुटतं आणि कोरी तार बद्द वाजते. खुंटीवर दोन ते तीन वेढे यावेत, वरून खाली उतरत, म्हणजे नटावर (हेडस्टॉकच्या तोंडाशी असलेल्या खाचांच्या पट्टीवर) तार नीट दाबून बसते. वेढे कमी पडले की सर्वांत जास्त त्रास ‘जी’ तारेला, ती मोकळी वाजवली की सतारीसारखी झणकारते. चारही तारा ई, ए, डी, जी ला लावा, हातानं हलक्या ताणून घ्या, पुन्हा लावा. शक्य असेल तर एक रात्र तशीच ठेवा.

नेकचा बाक. नेक सरळसोट नको, किंचित पुढे झुकलेला हवा, कारण तार मधोमध सगळ्यात जास्त हलते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. जाड ई तार उजव्या हातानं शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता ती तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फ्रेटचा माथा आणि तारेचं बूड यांच्यात किती फट आहे ते फीलर गेजनं मोजा. ०.३ ते ०.३५ मिमी हे योग्य माप. पत्ता तारेला न हलवता जेमतेम सरकला पाहिजे. फट जास्त असेल तर नट घड्याळाच्या दिशेनं फिरवा, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. फिरवल्यावर तारा परत सुरात आणा आणि मगच मोजा. लाकूड लगेच बसत नाही, काही तासांनी आकडा थोडा सरकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तारांची उंची. कॅपो काढा, गिटार वाजवताना धरतो तशी धरा, पलंगावर आडवी ठेवून मोजू नका. सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत ई ला २.४ मिमी आणि जी ला २ मिमी, मधल्या दोन त्याच उतारात. सॅडलचे दोन्ही बारीक स्क्रू सारखे फिरवा, सॅडल तिरकं बसलं की तार एका बाजूला सरकते. मुंबईत हे स्क्रू गंजून जाम झालेले असतातच. शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडून रात्रभर ठेवा, सकाळी नेमक्या मापाची की घालून फिरवा. जोर-जबरदस्ती नको. जोरकस वाजवणाऱ्यानं उंची पाव मिलिमीटर जास्त ठेवावी.

इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता बोट हलकं टेकवून येणारा सूर) वाजवा, मग तोच फ्रेट दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, ब्रिजच्या शेपटीकडे न्या; उतरला असेल तर नेककडे आणा. दर वेळी तार पुन्हा सुरात लावूनच तपासायचं. हे काम जुन्या तारांवर करणं फुकट आहे. घामानं आणि मळानं तार सगळीकडे सारखी जड राहत नाही, मग आकडे जुळतच नाहीत.

पिकअप. शेवटचा फ्रेट दाबून धरा, ई तारेखाली ३ मिमी आणि जी खाली साधारण २.५ मिमी. फार वर आणला तर लोहचुंबक तारेला ओढतो आणि वरचे सूर डळमळतात.

एवढं करूनही झणझण राहिली तर ती कुठे आहे ते कारण सांगते. पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत असेल तर बाक कमी पडला. बाराव्याच्या वर असेल तर उंची कमी आहे, किंवा नेकचा शेवटचा भाग वर उचलला गेला आहे. फक्त मोकळ्या तारेवर असेल तर नटाची खाच खोल झाली. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट वर आला आहे: छोटी सरळ पट्टी तीन फ्रेटवर आडवी ठेवा, डुगडुगली की मधला दोषी. तो फ्रेट घासायचं काम कारागिराकडे द्या. घरी कानस चालवून बिघडवलेले नेक दुरुस्त करणं त्याला दुप्पट अवघड जातं.

वायरिंगमध्ये जुन्या बेसचा नेहमीचा आजार म्हणजे सैल जॅक. बाहेरचा नट सुटतो, केबल घालता-काढताना अख्खा जॅक फिरतो आणि आतली तार पिळून तुटते. नट आवळताना आतून जॅक बोटानं धरून ठेवा. तुटलेली तार परत जोडायला २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न पुरते. पॉटच्या पाठीवर अर्थ (अर्थिंगची वायर) जोडायचा असेल तर ४० ची घ्या, नाहीतर पाठ तापेपर्यंत पॉट आतून जळतो. पॉट, जॅक, कपॅसिटर सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं. पॉट मागताना २५० किलोओहम, ऑडिओ टेपर असं नेमकं सांगा. नुसतं ‘व्हॉल्यूम’ म्हटलं तर लिनिअर हातात पडतो आणि आवाज शेवटच्या कणभर फेऱ्यात एकदम पडतो. सोल्डरिंग झाल्यावर तारांना हात लावून बघा: हात लावल्यावर भुणभुण कमी झाली तर ब्रिजची अर्थ तार जागेवर आहे.

पावसाळा

गिटारीच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ती ८०-९० च्या घरात असते. नेक ओल पितो आणि हलतो. कुठल्या दिशेनं हलतो ते लाकूड, लाख आणि फ्रेटबोर्डवर ठरतं, म्हणून ‘पावसात रॉड आवळायचा’ असला सरसकट सल्ला ऐकू नका. मोजा, आणि आकडा सांगेल तसं फिरवा. जूनच्या शेवटी पाऊस बसला की एकदा आणि डिसेंबरमध्ये हवा कोरडी झाली की एकदा, अशी दोनदा मोजणी पुरते. ते आकडे कागदावर तारखेसह लिहून बॅगेत ठेवा. तिसऱ्या वर्षी त्या कागदावरून तुमच्या नेकचा स्वभाव कळतो.

गिटार ओल धरलेल्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. चाळीत किंवा जुन्या इमारतीत माळा हाच ओलीचा मुक्काम असतो. आतल्या भिंतीलगत, जमिनीपासून वर, स्टँडवर ठेवलेली उत्तम, पंख्याची हवा लागते. केसमध्ये ठेवायची असेल तर २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत घालून हेडस्टॉकपाशी ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की संपले. कढईत मंद आचेवर हलवत राहिलं की पुन्हा निळे होतात, पण ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही. निळा रंग कोबाल्टचा असतो. बॅगेच्या आतल्या पट्ट्या चिकट व्हायला लागल्या असतील तर बॅगच बदला, तो चिकटा लाखेवर बसला की निघत नाही.

समुद्राची खारी हवा तारा खाते. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुती फडक्यात चिमटीत धरून वरून खालपर्यंत पुसा, बुडाकडूनही. एवढ्यानंच तारांचं आयुष्य महिन्यांनी वाढतं. बद्द झालेल्या राउंडवूंड (गोल वेटोळ्याच्या, खरखरीत) तारा दहा मिनिटं पाण्यात उकळल्या तर आतला मळ सुटतो आणि काही दिवस पुन्हा खणखणीत वाजतात. मात्र लगेच पुसून, पंख्याखाली पूर्ण वाळवूनच लावा. फ्लॅटवूंडला (चपट्या वेटोळ्याच्या, गुळगुळीत तारांना) हा उपाय नाही.

एसी खोलीतून किंवा एसी लोकलमधून थेट बाहेर आलात तर बॅग लगेच उघडू नका. थंड गिटारीवर दमट हवेचं पाणी धरतं. १५-२० मिनिटं बंद बॅगेतच राहू द्या.

नेताना

बेस बॅगेसकट सव्वा मीटरच्या आसपास भरते आणि तिचं वजन चार किलोच्या घरात असतं. लोकलमध्ये ती पाठीवर लावून चढू नका. मागच्या माणसाला हेडस्टॉक लागतो, आणि गर्दीचा रेटा आला की तोच हेडस्टॉक दाराच्या चौकटीत अडकतो. पुढे, छातीशी, हेडस्टॉक वर करून धरा. सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या टाळता आल्या तर टाळा. कार्यक्रमाच्या दिवशी चार तास आधी निघणं हेच शहाणपण. रॅकवर ठेवलीत तर तारांची बाजू वर ठेवा. बॅगेला २० मिमी तरी गादी हवी. पावसात रेनकव्हरवर विसंबू नका, आत गिटारीला एक मोठी प्लास्टिकची पिशवी घाला आणि पोहोचल्यावर ती लगेच काढा.

मंडपातली वीज

नाट्यगृहात वायरिंग पक्कं असतं. गणपतीचा मंडप, हळद, सोसायटीचा हॉल, मैदानावरचं तात्पुरतं स्टेज इथे मात्र अँपची पिन खोचण्याआधी बोर्ड तपासायचा. बेस वाजवणाऱ्याची बोटं सतत धातूच्या तारांवर असतात, त्या तारा केबलमधून अँपच्या अर्थला जोडलेल्या असतात. तो अर्थ कुठेच जात नसेल आणि ओठ माईकच्या जाळीला लागला तर झटका बसतो. कधी तो नुसता चुणचुणतो, कधी माणूस पडतो.

कोरडी चप्पल घालून, एक हात खिशात ठेवून मोजा, नाहीतर डेकोरेटरच्या इलेक्ट्रिशियनला मोजायला लावा. फेज आणि न्यूट्रल यांत २२० ते २४० व्होल्ट. फेज आणि अर्थ यांतही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ मोजताना आकडा खूपच कमी किंवा भरकटलेला दिसला तर अर्थ तुटलेला आहे. फेज-न्यूट्रल २५० च्या वर असेल तर काहीही लावू नका. थ्री-फेज जनरेटरचा न्यूट्रल सुटला की एका फेजवर व्होल्टेज ४०० कडे चढू शकतं आणि स्टेजवरचे सगळे अँप, कीबोर्ड एका क्षणात जातात. हा दोष मंडपात दुर्मीळ नाही, कारण न्यूट्रल पुष्कळदा नुसता पिळून टेप लावलेला असतो.

सगळे बोर्ड बरे निघाले तरी एक मोजणी शिल्लक राहते. बेस अँपला लावा, माईक मिक्सरला लावा, मीटर एसी ७५० वर ठेवा, एक टोक बेसच्या तारेला आणि दुसरं माईकच्या जाळीला लावा. शून्याच्या आसपास हवं. शंभर-सव्वाशे दिसले तर दोघांपैकी एकाचा अर्थ नाही. त्या अवस्थेत कुणालाही गायला उभं करू नका. बेस अँप, कीबोर्ड आणि मिक्सर एकाच फेजवर, शक्यतो एकाच बोर्डावरून चालवा, आणि त्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असावा म्हणून आग्रह धरा. लोहार चाळीत तो सहज मिळतो. बँडनं मिळून स्वतःचा एक असा एक्स्टेंशन बोर्ड बनवून घेणं फार चांगलं.

भुणभुण घालवण्यासाठी कुणी तीन पिनेच्या प्लगची अर्थ पिन काढायला सांगेल. ती कधीही काढायची नाही. भुणभुण अर्थाच्या दोन वाटांमुळे येते आणि त्यासाठी डीआय बॉक्सवर (गिटारचा आवाज मिक्सरला देणाऱ्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते केबलचा अर्थ तोडतं, तुमचा नाही.

आवाज

गिटार, ट्यूनर पेडल, डीआय बॉक्स, आणि तिथून एक वाट अँपला व दुसरी एक्सएलआर केबलनं मिक्सरला. पॅसिव्ह बेसला ॲक्टिव्ह डीआय हवा, नाहीतर वरचा खणखणीतपणा मरतो. त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम (माईकच्या केबलमधून मिळणारी वीज) लागतो, साउंडवाल्याला आठवण करा. हेड (अँपचा डबा) आणि कॅबिनेट (स्पीकरचा डबा) वेगळे असतील तर मधली केबल स्पीकरची जाड केबलच हवी, गिटारची नाही. ८ ओहमचे दोन कॅबिनेट जोडले की ४ ओहम होतात. हेडच्या पाठीवर किमान ४ लिहिलेलं असेल तर तिसरा लावायचा नाही.

मोकळ्या ई तारेची मूळ कंपनसंख्या ४१ हर्ट्झ असते. मंडपातले मध्यम आकाराचे स्पीकर ती फारशी देतच नाहीत. लोकांना ऐकू येतात ते तिचे ८२ आणि १२३ हर्ट्झचे उपसूर. म्हणून ‘बेस वाढवा’ म्हटल्यावर खालचं बटण पूर्ण फिरवण्यानं स्पीकर फडफडतो, सूर काही वाढत नाही. ४० च्या खालचं कापा. फरशीच्या आणि काचेच्या सोसायटी हॉलमध्ये १५०-२५० कमी करा, तिथेच सगळा घुमारा असतो. सूर कळत नसेल तर ७०० ते १००० थोडं वाढवा. पोकळ लाकडी स्टेज ढोलासारखं घुमतं. अँप खुर्चीवर ठेवला की निम्मा त्रास जातो.

पट्टी

मराठी गाण्यांच्या कार्यक्रमात गायक स्केल इंग्रजी अक्षरांत सांगत नाहीत. ‘काळी चार’, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, म्हणतात आणि तबलजी ठोकून मोकळा होतो. बेसवाल्याला ते फ्रेटच्या आकड्यात पाठ हवं. जाड ई तारेवर: मोकळी म्हणजे पांढरी तीन, पहिला फ्रेट पांढरी चार, दुसरा काळी तीन, तिसरा पांढरी पाच, चौथा काळी चार, पाचवा पांढरी सहा, सहावा काळी पाच, सातवा पांढरी सात. पुढे ए तारेवर: तिसरा पांढरी एक, चौथा काळी एक, पाचवा पांढरी दोन, सहावा काळी दोन. काळी दोनमध्ये गाणाऱ्याच्या साथीला चार तारी बेसवर खालचा षड्ज मिळत नाही, तो मोकळ्या ई च्याही खाली अर्धा सूर आहे. अशी गाणी फार असतील तर चारही तारा अर्धा सूर उतरवा, आणि मग वरचे सगळे आकडे एकेक फ्रेटनं पुढे सरकतात हे विसरू नका.

पेटी असेल तर तिच्याशी जुळवून घ्या. पेटी जागेवर सुरात आणता येत नाही, बेस येते. ट्यूनरचा आधार ४४० वरून एकेक करत सरकवा, पेटीच्या पांढरी सहाशी ए तार जुळली की तोच आकडा ठेवा आणि कीबोर्डवाल्यालाही सांगा.

उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, हा ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम. वर्षातले मोजके दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटर परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. १९७८ साली पहिली जॅझ यात्रा (जॅझ संगीताचा महोत्सव) जिथे झाली त्या धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहातली संगीताची रात्र याच कारणानं थांबली. तेव्हा साउंडचेक उजेडात उरकायचा, आणि ज्या गाण्यात बेसला खरं काम आहे ते यादीत शेवटी ठेवायचं नाही.

बॅगेत एक जादा तारांचा संच, ९ व्होल्टची बॅटरी, सहा मीटरच्या दोन केबल, ट्रस रॉडची नेमकी की, स्क्रूड्रायव्हर, अँपचा फ्यूज, १५ वरून ५ अँपिअरचा कन्व्हर्टर, टेस्टर आणि चिकटपट्टी असावी. पट्ट्याचं बटण सैल असेल तर काडेपेटीच्या काडीचा तुकडा गोंदात बुडवून भोकात घाला, वाळल्यावर स्क्रू परत आवळा. ते आधीच्या रात्री करा, स्टेजच्या पायऱ्यांवर नाही.

कार्यक्रम संपल्यावर केबल गिटारमधून आधी काढा. ॲक्टिव्ह बेसमध्ये जॅक आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते. तारा पुसा, नेकची पाठ पुसा, ब्रिजवरचा घाम पुसा. घरी पोहोचल्यावर कितीही रात्र झालेली असो, बॅग उघडी करा आणि गिटार बाहेर काढून पंख्याखाली ठेवा.